विज्ञानकथा स्पर्धा आणि सिनॅरिओ स्पर्धा: उद्याची मुंबई दोघींना वेगळी हवी असते

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदम गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या, आणि ऐन कोविडच्या दिवसांत रुग्णालयं जनरेटरवर आली. कळवा-पडघा भागातल्या ४०० केव्हीच्या वाहिन्या बंद पडल्या होत्या. अशा वेळी मुंबईला बाकीच्या ग्रिडपासून सोडवून घेणारी ‘आयलँडिंग’ची व्यवस्थाही त्या दिवशी तग धरू शकली नाही. पुढे मार्च २०२१ मध्ये राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर घातपाताचा संशय बोलून दाखवला. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मात्र माणसाची चूक हेच कारण सांगितलं.

आता समजा, त्या दिवसावरून तुम्हाला २०४५ सालच्या मुंबईबद्दल काहीतरी सुचलं. लिहून कुठे पाठवाल? ‘उद्याच्या जगाची कल्पना करा’ असं म्हणणारी स्पर्धा दिसली की लोक पाठवून मोकळे होतात. पण या एकाच वाक्याखाली दोन अगदी वेगळ्या स्पर्धा चालतात. एक विज्ञानकथेची. दुसरीला आपल्याकडे अजून रुळलेलं नाव नाही. मी तिला सिनॅरिओ स्पर्धा म्हणते. तिच्यात येऊ घातलेला धोका आज घडल्यासारखा लिहून दाखवायचा असतो. दोन्हींना शब्दमर्यादा असते, परीक्षक असतात, बक्षीस असतं, आणि बहुतेक वेळा दोन्हींना गोष्टच हवी असते. घोटाळा होतो तो तिथेच.

विज्ञानकथा स्पर्धा मराठी वाचकाच्या ओळखीची आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेचा १९७४ सालचा किस्सा अनेकांनी ऐकला असेल. जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. ज. वि. ना. ही आद्याक्षरं उलटी केली की ना. वि. ज. होतात. अक्षरावरून कुणी ओळखू नये म्हणून हस्तलिखित त्यांच्या पत्नी मंगलाताईंच्या हातचं होतं. पहिलं बक्षीस मिळालं ते त्या कुणा अनोळखी जगतापांना. मला या किस्स्यातलं टोपणनाव फार महत्त्वाचं वाटतं. कथेला लेखकाची पदवी, नोकरी, अनुभव यांचा टेकू नको असतो. पानावर जे उतरलंय तेवढ्यावर ती उभी राहिली पाहिजे.

सिनॅरिओचं याच्या उलट आहे. सबस्टेशनमध्ये वीस वर्षं काढलेल्या माणसाने लिहिलं, की अमुक स्विच हाताने बंद करायला आता कुणी शिकलेलंच उरलेलं नाही, तर तो माणूस कोण आहे हे परीक्षकाला कळायला हवं. त्याचा अनुभव हाच लिखाणातला पुरावा असतो.

ही दुसरी जात वाढली ती अमेरिकेत. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाने २००४ च्या अहवालात सरकारच्या अपयशांमध्ये कल्पनाशक्तीचं अपयशही धरलं. कल्पना करणं हा सरकारी कामकाजाचा नेहमीचा भाग व्हायला हवा, असं त्या आयोगाने सुचवलं. पुढच्या काळात असे उपक्रम दिसू लागले. वॉशिंग्टनच्या अटलांटिक कौन्सिलने २०१४ मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या शताब्दीनिमित्त, पुढचं महायुद्ध सुरू झाल्याची वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरची बातमी लिहायला लोकांना सांगितलं. अमेरिकी लष्कराच्या ‘मॅड सायंटिस्ट’ उपक्रमाने २०३० ते २०५० मधल्या युद्धावर कथा मागवल्या. फ्रान्सच्या संरक्षण खात्याने विज्ञानकथाकार आणि चित्रकार निवडून ‘रेड टीम’ बसवली. ती स्पर्धा नव्हे, पण हेतू तोच. तिथे तयार झालेली काही कथानकं छापली गेली, काही मुद्दाम गुप्त ठेवली गेली. शत्रूला आयत्या कल्पना कशाला द्यायच्या! कथा लिहून ती कुलपात ठेवायची, हे विज्ञानकथेच्या स्पर्धेत कुणाला सुचणारही नाही.

मग फरक नेमका कशाने पडतो? माझ्या मते तपशिलाने.

१९८२ च्या जुलैत इस्तंबूलला अंदाजशास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. एमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी तिथे आलेल्या तज्ज्ञांचे दोन गट केले. एका गटाला विचारलं, १९८३ मध्ये अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांचे राजनैतिक संबंध पूर्ण तुटण्याची शक्यता किती? दुसऱ्याला विचारलं, रशिया पोलंडमध्ये सैन्य घुसवेल आणि त्याच वर्षी हे संबंध तुटतील, याची शक्यता किती? दुसरी गोष्ट घडायला दोन घटना घडाव्या लागतात, म्हणजे ती पहिलीपेक्षा जास्त शक्य असूच शकत नाही. तरी दुसऱ्या गटाने शक्यता जास्त धरली. पोलंड आल्याबरोबर ‘का’ आणि ‘कसं’ यांची साखळी जुळली, गोष्ट डोळ्यांसमोर उभी राहिली, आणि जे डोळ्यांसमोर उभं राहतं ते खरं वाटतं. यात फसलेले लोक पोटापाण्यासाठी अंदाज बांधणारे होते.

विज्ञानकथेत हेच लेखकाचं बळ असतं. एकेक तपशील बारकाईने घालत जावं, वाचकाने हळूहळू विश्वास टाकावा, हीच तर तिची कला. सिनॅरिओत मात्र घातलेला प्रत्येक तपशील गोष्ट पटवतो आणि त्याच वेळी तिची शक्यता घटवतो. म्हणून तिथे चांगला लिहिणारा माणूस कुठे थांबायचं हे जपून ठरवतो. हल्ला कोणी केला, त्याचा म्होरक्या कोण, त्याचा जुना सूड कसला, हे कथेला हवंहवंसं वाटतं. सिनॅरिओला त्यातलं बहुतेक नको असतं. एकाच वेळी लाखो स्मार्ट मीटर दूरवरून बंद झाले, एवढं त्याला पुरतं. ते कुणी मुद्दाम केलं की चुकीच्या अपडेटने झालं, हे दोन्ही रस्ते मोकळे ठेवलेलेच बरे. २०२० च्या त्या सोमवारबद्दल दोन मंत्री दोन गोष्टी बोलले होते. तयारी दोन्हींसाठी लागते.

याच धोक्यावर बोट ठेवणारी एक स्पर्धा सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायर यांनी १ एप्रिल २००६ ला जाहीर केली. चित्रपटात शोभेल असा, अशक्यप्राय पण पटेलसा दहशतवादी कट लिहा, असं तिचं आवाहन होतं. वरून गंमत दिसते, पण त्यामागचा मुद्दा गंभीर होता. थरारक कथानक बघून त्याच्याविरुद्ध तटबंदी उभारत बसलो, तर हल्लेखोर कथानक बदलून मोकळा होतो. तपास, गुप्तवार्ता आणि आपत्कालीन यंत्रणा यांवर केलेला खर्च मात्र कट कोणताही असो, कामी येतो. सिनॅरिओ लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे आधी मनात घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

दुसरा फरक शेवटाचा. कथा संपते तेव्हा एखादं माणूस बदललेलं असतं, निदान आपण तरी. अंधारलेल्या कंट्रोल रूममध्ये रात्रपाळीची इंजिनिअर आहे, तिची आई घरी ऑक्सिजनवर आहे आणि आधी कुठला फीडर, म्हणजे कुठल्या भागाला वीज नेणारी वाहिनी, चालू करायचा हे तिला ठरवायचंय. ती काय करते यावर कथा संपू शकते. तिने चुकीचा निर्णय घेतला तरी चालतं. कदाचित तीच कथा जास्त चांगली होईल.

सिनॅरिओ मात्र तिच्या निर्णयापासून उलटा, वर्तमानाकडे चालत येतो. ॲरिझोना स्टेट विद्यापीठात ब्रायन डेव्हिड जॉन्सन यांनी ‘थ्रेटकास्टिंग’ ही पद्धत बसवली. तिच्यात साधारण दहा वर्षं पुढचा एक माणूस, एक जागा, एक वाईट प्रसंग लिहायचा. मग मागे येत दोन प्रकारच्या गोष्टी शोधायच्या. एक निशाणं, म्हणजे आपल्या हातात नसलेल्या पण संकटाची चाहूल देणाऱ्या खुणा. दुसरी फाटकं, म्हणजे आपल्या हातातल्या अशा जागा जिथे ते संकट अडवता किंवा वळवता येतं. आपल्या इंजिनिअरच्या प्रसंगात दूरवरून बंद करता येणारी मीटर घरोघर बसणं हे निशाण. घरी वैद्यकीय यंत्रं चालवणाऱ्या रुग्णांची यादी वीज कंपनीकडे असणं हे फाटक. प्रसंग कितीही सुंदर लिहिला आणि एकही फाटक सापडलं नाही, तर परीक्षक तो बाजूला ठेवेल आणि त्यात अन्याय नाही.

विज्ञानाच्या अचूकतेबद्दल दोन्हीकडे आग्रह असतो, पण कथेला एखादी अशक्य गोष्ट गृहीत धरण्याची मुभा आहे. प्रकाशापेक्षा वेगवान यान चालेल, पुढचं सगळं त्याच्याशी सुसंगत हवं. सिनॅरिओला ती सवलत नाही.

मला मराठीत सिनॅरिओचं लिखाण व्हायला हवंय, आणि ते साहित्यिकांकडूनच आलं पाहिजे असं नाही. लाइनमन, परिचारिका, धरणावरचे कर्मचारी, ‘डिजिटल अरेस्ट’च्या फोनला बळी पडलेल्या ज्येष्ठांची तक्रार लिहून घेणारे पोलीस, यांच्याकडे ते आहे. पण त्यांचं लिखाण विज्ञानकथेच्या स्पर्धेत गेलं तर ‘पात्रं सपाट आहेत’ म्हणून परत येईल. आणि एखादी हळवी, खोल कथा सिनॅरिओच्या परीक्षकासमोर गेली तर तो विचारेल, मग आम्ही करायचं काय?

म्हणून पाठवण्याआधी त्या इंजिनिअरकडे पुन्हा एकदा बघा. लिहिताना तुम्हाला तिच्या आईचं काय होईल याने झोप लागत नव्हती, की त्या रुग्णांची यादी कुणाकडेच नाही याने?