तेल-पाण्याच्या सीमेवर प्रथिने: वीज नेमकी वाहते कुणामुळे?

प्रथिनांना तेल-पाण्याची सीमा आवडते, हे विजेचा संबंध येण्याच्या कितीतरी आधी माहीत होते. फर्डिनांड आशेरसन यांनी 1840 मध्ये अल्ब्युमिन या प्रथिनाच्या द्रावणात तेलाचा थेंब सोडला आणि थेंबाभोवती लगेच पातळ पापुद्रा धरलेला पाहिला. पुढे 1903 मध्ये वॉल्टर रॅम्सडेन यांनी दाखवले की प्रथिनांचे द्रावण नुसते हलवले तरी पृष्ठभागावर घन पडदे जमतात.

विजेची बाजू मात्र वेगळ्याच हेतूने सुरू झाली. 1902 मध्ये नेर्न्स्ट आणि रीझेनफेल्ड यांनी पाणी आणि फिनॉल यांच्या सीमेतून विद्युतप्रवाह सोडला. पाण्याखेरीज इतर द्रावकांत आयन किती वेगाने सरकतात, हे त्यांना मोजायचे होते. 1939 मध्ये फेरवे आणि निसेन यांनी सीमेच्या दोन्ही बाजूंना विद्युतभाराचा आपापला थर असतो, असे गणित मांडले. पण सीमेवरचे विभवांतर बाहेरून हवे तसे बदलता येत नव्हते. गावाश यांच्या फ्रान्समधील गटाने 1968 मध्ये तशी बदलता येणारी सीमा मिळवून दाखवली, आणि 1970च्या दशकात प्रागमध्ये यिरी कोरिता यांनी या क्षेत्राला पक्का पाया दिला. तेलाच्या बाजूचा द्रावक, म्हणजे नायट्रोबेंझीन किंवा डायक्लोरोइथेन, विजेला बराच रोध करतो. म्हणून सामेत्स आणि मारेचेक यांनी चार इलेक्ट्रोडची मांडणी वापरली. दोन प्रवाह पुरवतात आणि दोन फक्त सीमेच्या दोन अंगांचे विभवांतर मोजतात. माझ्या मते या साध्या युक्तीशिवाय पुढचे काहीच शक्य झाले नसते.

1980च्या दशकात वानिसेक आणि सहकाऱ्यांनी अशा सीमेवर प्रथिने आणली. ती सीमेवर बसतात आणि तिचे विद्युत गुणधर्म बदलतात, एवढे दिसले. खरी गाठ सुटायला वेळ लागला. सीमेपलीकडे आयन गेला की प्रवाह मिळतो, पण इन्सुलिन किंवा हिमोग्लोबिनएवढा रेणू पाण्यातून तेलात जातो, हे मानणे कठीण होते. तरीही प्रवाह मिळत होता.

2000 नंतरच्या प्रयोगांनी उत्तर दिले. आमेमिया यांच्या गटाने प्रोटामाइनवर काम केले. शस्त्रक्रियेनंतर रक्तातील हेपॅरिनचा, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा, परिणाम घालवायला वापरतात तेच हे प्रथिन, आर्जिनिन या अमिनो आम्लाने गच्च भरलेले आणि म्हणून भरपूर धनभारित. पाठोपाठ डेमियन ॲरिगन यांच्या गटाने इन्सुलिन, हिमोग्लोबिन आणि लायसोझाइम तपासले. पाण्याचा सामू प्रथिनाच्या समविद्युत बिंदूपेक्षा (ज्या सामूला त्याचा एकूण भार शून्य असतो) खाली असला, म्हणजे प्रथिन धनभारित असले, तरच स्पष्ट संकेत मिळतो. शिवाय वीज वाहावी म्हणून तेलात विरघळवलेल्या क्षाराचा ऋण आयन बदलला की संकेताचे विभवही सरकते. प्रथिन स्वतः सीमा ओलांडत असते, तर तेलातल्या क्षाराचा एवढा प्रभाव पडायचे कारण नव्हते. प्रत्यक्षात प्रथिन सीमेवर बसते, तेलातील ऋण आयन येऊन त्याच्या धनभारांना चिकटतात, आणि आपण मोजतो तो प्रवाह मुख्यतः या ऋण आयनांच्या हालचालीचा असतो. या क्षेत्रातला सर्वांत सुंदर निष्कर्ष मला हाच वाटतो.

प्रथिन तेलात ओढता येतच नाही असे मात्र नाही. जपानमध्ये ओसाकाई यांच्या गटाने तेलात पृष्ठसक्रियक, म्हणजे साबणासारखा पदार्थ, मिसळून सायटोक्रोम-सी हे प्रथिन विजेच्या जोरावर पलीकडे नेले. तेव्हाही ते उघड्या रेणूच्या रूपात गेले नाही. पृष्ठसक्रियकाने वेढलेल्या पाण्याच्या सूक्ष्म थेंबात बसून गेले.

सीमेवर साठण्याची प्रथिनांची ही सवय त्यांचे अल्प प्रमाण ओळखण्यासाठीही कामी आली. विभव काही वेळ धरून ठेवायचे, प्रथिन जमू द्यायचे, मग विभव उलट फिरवून प्रवाहाच्या आलेखात येणारे परतीचे शिखर मोजायचे. या पद्धतीने लायसोझाइमसारख्या प्रथिनाचे नॅनोमोलर प्रमाण गाठता येते, आणि रेणूला रंगीत खूण जोडायची किंवा त्यात लोहासारखे इलेक्ट्रॉन देणारे केंद्र असण्याची गरज उरत नाही. अडचणही याच यंत्रणेतून येते. प्रतिसाद तेलातल्या आयनाचा असल्याने अनेक धनभारित प्रथिनांची शिखरे जवळजवळ येतात, आणि मिश्रणातून नेमके एक ओळखायचे तर आधी ती वेगळी करावी लागतात.