मोबाईलचे व्यसन : ग्रामीण विदर्भ

फोनचा वापर स्वतःच्या ताब्यात न राहणे, शेत, शाळा, झोप आणि घरची माणसे यांच्याआधी तो हातात येणे आणि नुकसान दिसत असूनही तो न सुटणे, या अवस्थेला लोकव्यवहारात मोबाईलचे व्यसन म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत (१ जानेवारी २०२२ पासून लागू) गेमिंगच्या विकाराची नोंद आहे. त्याच्या निदानासाठी लक्षणे साधारणपणे १२ महिने दिसावी लागतात. समाजमाध्यमांच्या व्यसनाला मात्र तेथे स्वतंत्र निदान म्हणून स्थान नाही. म्हणून ‘पोट्टं दिवसभर मोबाईलातच रायते’ एवढ्या तक्रारीवरून कोणाला व्यसनी ठरवणे अन्यायाचे आहे.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, मार्च २०१७ पर्यंत डेटा फुकट मिळाला आणि गावात इंटरनेट रोजच्या वापराचे झाले. २०२० च्या टाळेबंदीत शाळा फोनवर आली आणि वडिलांच्या खिशातला घरचा एकमेव फोन मुलांच्या हाती गेला. त्याच वर्षी जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली. पाठोपाठ जुलैत इन्स्टाग्रामने रील्स आणले. पाहणाऱ्यांनी फक्त ॲप बदलले. वऱ्हाडीतल्या विनोदी व्हिडिओंनी हा ओढा आणखी वाढवला. ज्या बोलीला शाळेत हसले जाई, ती पडद्यावर मानाने ऐकू येऊ लागली. या आनंदात खोटे काहीच नाही. व्यसनाची चर्चा करताना तो विसरला तर पोरे ऐकूनही घेत नाहीत.

विदर्भातल्या सवयीचे एक खास ठिकाण म्हणजे जागल, म्हणजे रात्री शेतात जागून केलेली पिकाची राखण. रोही (नीलगाय) आणि रानडुकरांचे कळप एका रात्रीत सोयाबीन, तूर, हरभरा आडवा करतात, त्यामुळे पीक घरी येईपर्यंत शेतात रात्र काढावी लागते. शेतीपंपाची वीजही अनेकदा रात्रपाळीने येते. पूर्वी मचाणावरचा माणूस डबा वाजवी, शेकोटी पेटवी, शेजारच्या शेतातल्या जागल्याला हाळी देई. आता सोबतीला फोन असतो. त्याने एकटेपणा कमी होतो आणि डोळा लागत नाही, हे खरेच. पण उजळ पडद्यावरून नजर उचलली की अंधारात काही दिसत नाही आणि कानात इअरफोन असला की कळपाची चाहूल लागत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीत जंगलाला लागून असलेल्या शेतात वाघ-बिबट्याची चाहूल न लागणे जिवावर बेतू शकते. हंगाम सरल्यावरही मध्यरात्रीपर्यंत जागण्याची सवय अनेकांची सुटत नाही. लग्न लांबलेला, संध्याकाळी कोणाशी बोलावे हे न सुचणारा तरुण शेतकरी तर या सवयीत सहज अडकतो. त्याला आळशी म्हणणाऱ्यांनी त्याची रात्र पाहिलेली नसते.

ॲपची रचनाही हेच साधते. व्हिडिओंचा ओघ संपत नाही, पुढचा आपोआप सुरू होतो आणि मनाजोगते केव्हा दिसेल याचा नेम नसतो. अनियमित मिळणाऱ्या बक्षिसाने सवय घट्ट होते, हे वर्तनमानसशास्त्राला विसाव्या शतकापासून ठाऊक आहे. पैशांच्या ऑनलाइन खेळांत याच सवयीवर कर्ज चढते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने अशा खेळांवर बंदी घालणारा कायदा केला.

दारूसारखी संपूर्ण बंदी येथे चालत नाही, कारण सरकारी कामेच फोनवर गेली आहेत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने बांधावर जाऊन पिकाचा फोटो ॲपवर चढवायचा असतो. पीकविम्यासाठी नुकसानीची माहिती ७२ तासांत कळवावी लागत असे. अंगणवाडी सेविकेची नोंदवही, बँकेचा संदेश, बाजार समितीचा भाव, शाळेचा गट हे सारे त्याच फोनमध्ये आहे. पीक पाहणीसाठी उघडलेला फोन तासाभराने रील्सवर सापडतो, तो यामुळेच.

ग्रामीण शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागातील १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांहून अधिक जणांना स्मार्टफोन वापरता येतो. आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरणारे ५७ टक्के होते, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारे ७६ टक्के.

यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यातल्या बान्सी ग्रामसभेने नोव्हेंबर २०२२ मध्ये १८ वर्षांखालील मुलांच्या मोबाईल वापरावर बंदीचा ठराव केला. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव येथे वेगळी वाट निवडली गेली: संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवून मुले अभ्यासाला बसतात. दुसरी वाट अधिक टिकाऊ वाटते, कारण तिच्यात मोठ्यांनाही फोन ठेवावा लागतो. सरसकट बंदीत आणखी एक धोका आहे. फोन पहिल्यांदा काढून घेतला जातो तो मुलींकडून आणि त्यासोबत त्यांचे अर्ज, शिष्यवृत्तीची माहिती, मैत्रिणीही जातात. विदर्भाला संध्याकाळी एकत्र बसण्याची रीत नवी नाही. तुकडोजी महाराजांनी रुजवलेली सामुदायिक प्रार्थना अनेक गावांत आजही होते, भजनी मंडळे आहेत आणि झाडीपट्टीत (पूर्व विदर्भात) दिवाळीनंतर रात्रभर चालणाऱ्या नाटकांना मंडप भरतो. गावातले वाचनालय आणि खेळाचे मैदान मात्र संध्याकाळी उघडे व उजेडात असायला हवे, आणि हा खर्च ग्रामपंचायतीने आवर्जून करावा.

उपचार मुख्यतः समुपदेशनाचा असतो. फोन कोणत्या वेळी, कोणत्या मनःस्थितीत हातात येतो याची नोंद ठेवणे, झोपायच्या जागेपासून तो दूर ठेवणे, फोनवर येणाऱ्या सूचना (नोटिफिकेशन) बंद करणे आणि त्या वेळेला दुसरे काम किंवा सोबत शोधणे असे त्याचे टप्पे असतात. अनेकदा आतमध्ये नैराश्य किंवा कर्जाची चिंता दडलेली असते. तिच्यावर उपचार न करता नुसता फोन काढून घेतल्यास प्रकृती बिघडू शकते. जिल्हा रुग्णालयांचे मानसोपचार विभाग आणि नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय येथे तपासणी होते. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतून बोलता येते आणि घरच्यांनीही तेथे सल्ला विचारता येतो.