केवलादेव राष्ट्रीय उद्यानातील वनस्पती

राजस्थानात भरतपूरनजीक सु. २९ चौ. किमी. क्षेत्रावर पसरलेल्या या उद्यानात ३७० हून अधिक सपुष्प वनस्पतींची नोंद आहे. ‘घना’ हे त्याचे रूढ नाव दाट झाडीवरून पडले असावे.

मूळच्या खोलगट भागात पुराचे पाणी साचे. महाराजा सूरजमल यांनी अठराव्या शतकात, बहुधा मध्यास, अजान बांध घातला आणि त्यातून हे पाणथळ निर्माण झाले, असे सामान्यतः मानतात. तथापि आजच्या वनस्पतींची मांडणी समजून घेण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बदकांच्या शिकारीकरिता उभारलेले बंधारे व कालवे अधिक महत्त्वाचे वाटतात. पाणी किती आणि केव्हा सोडले जाते, यावरच येथे काय उगवेल हे ठरते.

उघड्या पाण्यात कमळ, कुमुद, नाळी व देवभात, काठाने लव्हाळे आणि पाणकणीस आढळतात. पाण्यातील बाभळींवर चित्रबलाक व बगळे वसाहती करतात. त्यांच्या विष्ठेने पाण्याला खत मिळते. कोरड्या भागात कळंब, जांभूळ व बोर, तर खारवट जमिनीत पिलू हा वृक्ष वाढतो.

सर्वाधिक चर्चा झाली ती पास्पालम डिस्टिकम या गवताची. त्याच्या पेरांना मुळे फुटतात व खोडांची जाळी पाण्यावर तरंगते. नोव्हेंबर १९८२ मध्ये म्हशींच्या चराईवर बंदी आली. त्यावेळच्या संघर्षात पोलिसांच्या गोळीबारात ग्रामस्थांचे बळी गेले. मृतांचा आकडा निरनिराळा दिला जातो. चराई हानिकारक असल्याचे तेव्हा गृहीत होते. परंतु बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घकालीन अभ्यासात, म्हशी गेल्यावर हे गवत बेसुमार वाढून उघडे पाणी झाकले गेल्याचे दिसले. म्हशी या परिसंस्थेचाच भाग होत्या, हे मत आज अधिक ग्राह्य वाटते. पुढे ग्रामस्थांना गवत कापून नेण्याची मुभा मिळाली. कापणीने गवत कमी होते, पण म्हशींच्या तुडवण्याची जागा ती घेत नाही. हिवाळी पाहुणा सायबेरियन क्रौंच चिखलातले लव्हाळ्यांचे कंद उकरून खाई. २००२ नंतर तो येथे आलेला नाही.

पाणी घटलेल्या वर्षांत वेड्या बाभळीने कोरडे पडलेले भाग व्यापले. ती मुळासकट उपटावी लागते. नुसती तोडल्यास बुंध्यातून पुन्हा फुटते.