ओला दुष्काळ: धाराशिवच्या मदतीमागचा शब्दाचा घोळ

धाराशिवकडे दुष्काळ म्हटलं की टँकर आणि चारा छावणीच आठवते. पण २०२५ च्या सप्टेंबरमध्ये परंडा, भूम भागात शिवारंच्या शिवारं पाण्याखाली गेली, उभं सोयाबीन कुजलं, आणि गावोगावी एकच मागणी सुरू झाली, ओला दुष्काळ जाहीर करा. आता गोची अशी की हा शब्द नियमात कुठेच नाही.

पूर्वी मदत म्हणजे तगाई, म्हणजे फेडायचं कर्जच, नाहीतर शेतसाऱ्यात सूट. पीक किती आलं ते आण्यात मोजायचे म्हणून आणेवारी, मग पैसेवारी झाली, आणि ती ५० पैशांच्या, म्हणजे निम्म्या पिकाच्या, आत आली की अख्खं गाव टंचाईत धरलं जायचं. पुढे केंद्राची २०१६ ची दुष्काळ संहिता आली, त्यात पावसाची तूट, भूजल, जमिनीतली ओल, पिकाची स्थिती असे निकष आहेत, म्हणजे सगळं मोजमाप पाणी कमी पडल्याचं. जास्त पडलेल्या पाण्याला तिथे रकानाच नाही.

जास्त पाऊस पडला की तो अतिवृष्टीच्या खात्यात जातो, महसूल मंडळात (तालुक्यातल्या काही गावांचा गट) २४ तासांत ६५ मिमीच्या वर, आणि नुकसान ३३ टक्के किंवा जास्त. (२०१५ च्या आधी ही अट ५० टक्के होती.) काही लोक म्हणतात नाव काहीही द्या, पैसे मिळाल्याशी मतलब, पण मला ते पटत नाही. दुष्काळ जाहीर झाला की तालुक्यातल्या सगळ्यांना कर्जवसुलीला स्थगिती, कर्जाचं पुनर्गठन, पंपाच्या वीजबिलात ३३.५ टक्के सूट, पोरांची परीक्षा फी माफ हे सगळं आपोआप लागू होतं. अतिवृष्टीत पंचनामा गटागटाचा, म्हणजे जमिनीच्या एकेका तुकड्याचा, मदत हेक्टरी, आणि बाकीचं त्या वेळच्या सरकारच्या मनावर.

ते मन कसं बदलतं ते आकड्यातच बघा. कोरडवाहूला २०१५ च्या निकषात हेक्टरी ६,८०० होते, दोन हेक्टरपर्यंत. २०१९ ला परतीच्या पावसात ८,००० दिले, २०२० ला १०,०००. २०२२ ला राज्याने केंद्राच्या दराची दुप्पट केली, १३,६०० आणि तीन हेक्टर, तेव्हा लोकांना खरंच आधार वाटला होता. मग मे २०२५ मध्ये, पेरणीच्या तोंडावर, परत खाली, ८,५०० आणि दोन हेक्टर. चार महिन्यांत पूर आला.

एवढं सगळं पाण्यात गेल्यावर ऑक्टोबरमध्ये पॅकेज जाहीर झालं, मर्यादा परत तीन हेक्टर, रब्बीच्या बी-बियाण्यासाठी हेक्टरी १०,००० जादा, खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७,००० रोख आणि रोजगार हमीतून ३ लाखांपर्यंत. आणि दुष्काळाच्या सगळ्या सवलतीही लागू केल्या, शब्द मात्र दिला नाही, संहितेत तो नाही म्हणून. मग एवढं सगळं देता येतं तर संहितेत एक रकाना का वाढवता येत नाही? तो नाही तोवर पुढच्या पुरात दर काय, हेक्टर किती आणि सवलती कुठल्या हे पाणी ओसरल्यावरच कळणार, आणि तोवर बँकेचा वसुलीवाला दारात येऊन गेलेला असतो.