लास्ट ऑफ द मोहिकन्स, द (चित्रपट रूपांतर)

जेम्स फेनिमोर कूपर (१७८९–१८५१) या अमेरिकन कादंबरीकाराच्या १८२६ मधील कादंबरीवरून मायकेल मान यांनी दिग्दर्शित केलेला ऐतिहासिक प्रेमपट (१९९२). डॅनियल डे-लुईस व मॅडेलिन स्टो प्रमुख भूमिकांत.

कथा १७५७ मधील इंग्रज-फ्रेंच युद्धातली. आजच्या न्यूयॉर्क राज्यातील लेक जॉर्जच्या काठचा फोर्ट विल्यम हेन्री हा किल्ला इंग्रजांनी ९ ऑगस्टला फ्रेंच सेनापती मोंकामच्या स्वाधीन केला आणि दुसऱ्या दिवशी, परतणाऱ्या तुकडीवर फ्रेंचांच्या बाजूच्या मूलनिवासी योद्ध्यांनी हल्ला चढविला. मृतांची संख्या जुन्या लेखनात दीड हजारापर्यंत नेलेली आढळते. इतिहासकार इयन स्टील यांनी १९९० मध्ये ती ६९ ते १८४ च्या दरम्यान ठरविली. हा अंदाज अधिक ग्राह्य वाटतो. पडद्यावरचा संहार जुन्या समजुतीलाच धरून आहे.

चित्रपटातील प्रेमकथेचे मूळ कादंबरीत सापडत नाही. कूपर यांचा नायक हॉकआय हा गोरा वाटाड्या रानात रमलेला, संसाराबाहेरचा माणूस. ओढ आहे ती अनकस या मोहिकन जमातीच्या तरुणाला किल्ल्याच्या इंग्रज अधिकाऱ्याची मुलगी कोरा हिची, आणि कोराच्या आईकडून वेस्ट इंडीजमधील आफ्रिकी रक्त आलेले आहे. दोघेही मारले जातात. अंत्यविधीच्या वेळी डेलावेर जमातीच्या मुली त्यांच्या परलोकातील मीलनाची गाणी म्हणतात, तेव्हा हॉकआय नकारार्थी मान हलवतो. वंशभेदाची भिंत कूपर यांनी मृत्यूनंतरही पाडली नाही. नायकाला प्रेमात पाडले ते जॉर्ज साइट्झ यांच्या १९३६ च्या चित्रपटाने. त्यात त्याची जोडी कोराची बहीण ॲलिस हिच्याशी आहे. फिलिप डन यांच्या त्या पटकथेचे ऋण मान यांनी श्रेयनामावलीत नोंदविले, मात्र बहिणींची अदलाबदल करून कोराला नायिका केले. त्यामुळे हा चित्रपट कादंबरीपेक्षा त्या पटकथेचा वारस ठरतो. या बदलात कोराचे मिश्र कुळ गळाले, आणि कादंबरीतला सर्वांत अवघड प्रश्नही त्याबरोबर गेला. ही हानी मोठी आहे.

तरीही कड्यावरचा शेवट अस्सल ताकदीचा आहे. अनकसला मारल्यावर खलनायक मागुआ सुरी खाली घेतो आणि रक्ताळलेल्या हाताने ॲलिसला जवळ बोलावतो. ती त्याच्याकडे पाहते, वळते आणि दरीत उडी घेते. संवाद जवळजवळ नाहीच. व्हायोलिनची एकच धून पुन्हा पुन्हा घुमत राहते. ही धून स्कॉटिश संगीतकार डगी मॅक्लीन यांची.

चित्रीकरण न्यूयॉर्कऐवजी नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगराळ भागात झाले. ध्वनीसाठी ऑस्कर मिळाले. १९३६ मध्ये मागुआ व अनकस गोऱ्या नटांनी रंगविले होते. मान यांच्या चित्रपटात मागुआची भूमिका चेरोकी अभिनेते वेस स्टुडी यांनी, तर अनकसचा पिता चिंगाचगुक याची ओग्लाला लकोटा नेते रसेल मीन्स यांनी केली.

‘मोहिकन’ या नावात हडसन खोऱ्यातील महिकन व कनेक्टिकटमधील मोहेगन अशा दोन जमाती एकत्र झाल्या आहेत. अनकस हे नाव सतराव्या शतकातील एका मोहेगन प्रमुखाचे. दोन्ही जमातींचे वंशज आजही आहेत: महिकनांचे विस्कॉन्सिनमधील स्टॉकब्रिज-मन्सी समाजात, मोहेगनांचे कनेक्टिकटमध्येच.