ट्रिलियम: मुंग्यांच्या चालीने की हरणाच्या?

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या मावसबहिणीने एका पांढऱ्या फुलाचा फोटो पाठवला. खाली ताकीद: ‘हे तोडलं तर इथे दंड होतो म्हणे!’ फूल ट्रिलियमचं, १९३७ पासून त्या प्रांताचं मानाचं फूल. उद्यानांत तोडायला मनाई आहे, पण सरसकट बंदी नाही. तोडलं की पाऊस पडतो, असाही समज आहे. वसंतात तिथे पाऊस न तोडताही पडतोच.

पण ही धास्ती अगदीच पोकळ नाही. तीन पाकळ्या आणि खाली तीनच पानं, बेलाची आठवण करून देणारी. दांडा खालून खुडला की तिन्ही पानं जातात आणि जमिनीतलं खोड वर्षभर उपाशी राहतं. तिथल्या आदिवासी स्त्रिया बाळंतपणात ट्रिलियमच्या काही जातींचं खोड औषध म्हणून वापरत. याचा हिमालयातला भाऊबंद म्हणजे नागछत्री. शक्तिवर्धक म्हणून तिचा इतका गाजावाजा झालाय, की चोरून खणून खणून ती दुर्मिळ होत चाललीय.

मला मात्र भुरळ घातली ती बीने. बीला एक स्निग्ध बोंडूक, म्हणजे तेलकट गाठ, असते. त्यात ओलेइक आम्ल असतं आणि मेलेल्या मुंगीच्या अंगालाही याच आम्लाचा वास येतो. त्या वासाला भुलून मुंग्या बी वारुळात ओढून नेतात, बोंडूक अळ्यांना भरवतात आणि बी कचऱ्यात टाकतात. झाली पेरणी! पहिल्या वसंतात फक्त मूळ फुटतं, दुसऱ्या वसंतात पान वर येतं. फुलायला सात-दहा वर्षं सहज लागतात.

आता गणित करा. मुंगी बी फार तर दहा मीटर नेणार, म्हणजे दहा वर्षांची एक पिढी दहा मीटर पुढे. वर्षाला एक मीटर. हिमयुगातलं बर्फ हटून बारा हजार वर्षं झाली असं धरलं, तर ट्रिलियमने बारा किलोमीटर चालायला हवं होतं. प्रत्यक्षात ते बर्फाच्या जुन्या सीमेपासून शेकडो किलोमीटर उत्तरेला फुलतंय!

कोडं सुटलं ते हरणाच्या लेंड्यांत. पांढऱ्या शेपटीचं हरीण पाल्याबरोबर फळंही खातं, कोसभर लांब जातं आणि तिथे लेंड्या टाकतं. त्यातून निघालेल्या बिया रुजतात. आता बऱ्याच भागांतून लांडगे गेले, हरणं वाढली. ज्यांनी ट्रिलियम उत्तरेला नेलं, तीच आता कित्येक रानांत ते मुळाशी खुडून फस्त करताहेत.