पार्श्वभूमी : अनेट सागेन आणि दोन सनदांमधला खटला

कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या न्यायालयात २००९ मध्ये निकाली निघालेल्या एका खटल्याच्या शीर्षकात पहिले नाव नॉर्वेच्या एका स्की जंपरचे, म्हणजे टेकडीच्या बर्फाळ उतारावरून स्कीवर घसरत येऊन लांब उडी घेणाऱ्या खेळाडूचे आहे. ‘सागेन विरुद्ध आयोजन समिती’ या नावाने तो ओळखला जातो. ही समिती २०१० च्या व्हँकुव्हर हिवाळी ऑलिंपिकची, आणि वाद होता तो त्या खेळांत महिलांचे स्की जंपिंग नसण्याचा. फिर्यादी डझनाहून अधिक होत्या आणि वेगवेगळ्या देशांच्या होत्या, पण कायद्याच्या ग्रंथांत नोंद राहिली ती अनेट सागेन यांच्या नावाची. त्यांच्या कारकिर्दीचा हिशेब केवळ पदकांत मांडला तर तो लवकर संपतो. जागतिक स्पर्धेत एक कांस्यपदक, कॉन्टिनेन्टल कपची सलग पाच विजेतेपदे आणि ऑलिंपिकमध्ये एकही उडी नाही. मात्र आज महिलांच्या स्की जंपिंगला जे स्थान मिळाले आहे, ते ज्या वादांतून मिळाले त्यांतील तीन वाद थेट सागेन यांच्याभोवती घडले.

महिलांनी उड्या मारणे ही नवी गोष्ट नव्हती. नॉर्वेतील ट्रीसिल येथे १८६२ मध्ये एका तरुणीने उडी मारल्याची नोंद आहे, आणि १९३८ मध्ये एका नॉर्वेजियन महिलेने अमेरिकेत ७२ मीटरची उडी घेतली होती. तरीही या उड्या प्रदर्शन म्हणूनच पाहिल्या गेल्या. स्पर्धा पुरुषांची आणि कौतुक तेवढे महिलांचे, ही वाटणी जवळजवळ शतकभर टिकली.

जानेवारी १९८५ मध्ये जन्मलेल्या आणि उत्तर नॉर्वेतील मोशेन या गावच्या सागेन यांचे नाव सर्वसामान्य नॉर्वेजियन वाचकापर्यंत पोहोचले ते २००४ मध्ये, विकेरसुंडच्या टेकडीमुळे. मराठीत आपण सगळ्यालाच ‘उडी’ म्हणतो, परंतु या खेळात उडी आणि उड्डाण यांत संघटनांनी रेघ आखलेली आहे. नेहमीच्या टेकड्यांवर होते ते जंपिंग, आणि दीडशे-दोनशे मीटरपलीकडे नेणाऱ्या मोजक्या प्रचंड टेकड्यांवर होते ते फ्लाइंग. विकेरसुंड ही दुसऱ्या प्रकारची टेकडी आहे. अशा ठिकाणी मुख्य स्पर्धेआधी काही जणांकडून चाचणी उड्या घेतल्या जातात. स्कीच्या खाचा नीट धरतात का, टेकऑफच्या टोकाला वारा कसा आहे, उतरणीवरचा बर्फ पुरेसा दाबला गेला आहे का, हे त्यांच्या उड्यांवरून कळते, आणि त्यांचे गुण कुठेही धरले जात नाहीत. सागेन यांना हवी होती ती एवढीच जागा. आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्की जंपिंग समितीचे तत्कालीन प्रमुख, जे स्वतः नॉर्वेचेच होते, त्यांनी आधी नकार दिला. त्यावरून देशभर चर्चा झाली, आणि अखेर सागेन यांना उतरू दिले गेले. त्यांनी १७४.५ मीटरची उडी घेतली. ऑस्ट्रियाच्या एका महिलेने २००३ मध्येच दुसऱ्या एका टेकडीवर २०० मीटरचा पल्ला गाठलेला असताना, ‘महिलांना हे झेपेल का’ हा प्रश्न २००४ मध्ये विचारला जात होता, हे इथे लक्षात ठेवायला हवे. त्यानंतरच्या वर्षी याच खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या सर्वोच्च पदाधिकाऱ्याने, वैद्यकीय दृष्टीने हा प्रकार स्त्रियांना योग्य वाटत नाही, असे मत जाहीरपणे मांडले होते.

महिलांसाठी कॉन्टिनेन्टल कप २००४-०५ च्या हंगामात सुरू झाला आणि पहिली पाचही वर्षे एकूण विजेतेपद सागेन यांच्याकडे राहिले. त्या काळी महिलांसाठी विश्वचषक मालिका नव्हती, त्यामुळे वर्षभराच्या कामगिरीचा सर्वोच्च मान हाच होता. नोव्हेंबर २००६ मध्ये ऑलिंपिकच्या आंतरराष्ट्रीय समितीने २०१० च्या व्हँकुव्हर खेळांत महिलांचे स्की जंपिंग घेण्यास नकार दिला. खेळाडू व देश कमी आहेत, आणि जागतिक स्पर्धाही अजून झालेल्या नाहीत, ही कारणे देण्यात आली. त्याच बैठकीत स्की क्रॉस या तुलनेने नव्या प्रकाराला मात्र पुरुष व महिला अशा दोन्ही गटांत प्रवेश मिळाला. महिलांची पहिली जागतिक स्पर्धा फेब्रुवारी २००९ मध्ये चेक प्रजासत्ताकातील लिबेरेत्स येथे झाली. तीत अमेरिकेच्या खेळाडूला सुवर्ण, जर्मनीच्या खेळाडूला रौप्य आणि सागेन यांना कांस्य मिळाले. यातील विजेत्या अमेरिकी खेळाडूच्या नावावर व्हँकुव्हर खेळांसाठी बांधलेल्या नॉर्मल हिलवरील (स्पर्धेच्या दोन टेकड्यांपैकी लहान टेकडीवरील) सर्वांत लांब उडीचा विक्रम होता, पुरुष धरूनही. ज्या टेकडीवर विक्रम तिचा, त्या टेकडीवर स्पर्धा मात्र इतरांची, अशी ती स्थिती होती.

खटला समजून घेताना घोटाळा होतो तो ‘सनद’ या शब्दामुळे, कारण त्यात दोन सनदा होत्या. एक कॅनडाची १९८२ ची हक्कांची सनद, जी समानतेची हमी देते, पण ती सरकारवर आणि सरकारी स्वरूपाच्या कामांवर बंधनकारक आहे. दुसरी ऑलिंपिक चळवळीची सनद, जी भेदभावाला नकार देते, पण कोणत्या स्पर्धा भरवायच्या हे ठरवण्याचा अधिकार आंतरराष्ट्रीय समितीकडे ठेवते. खेळाडूंनी आंतरराष्ट्रीय समितीला नव्हे, तर स्थानिक आयोजन समितीला न्यायालयात खेचले, आणि त्यामागे विचार होता. सार्वजनिक पैशातून उभे राहणारे खेळ भरवणे हे सरकारी काम असेल, तर ते करणाऱ्याला कॅनडाची सनद लागू होईल, आणि मग पुरुषांना उडी व महिलांना मनाई हे चालणार नाही.

जुलै २००९ मध्ये न्यायाधीशांनी दिलेला निकाल या युक्तिवादाला अर्ध्या वाटेपर्यंत सोबत करतो आणि तिथे थांबतो. महिलांना वगळणे हा भेदभाव आहे, तो केवळ तांत्रिक निकषांचा परिणाम नाही, हे न्यायालयाने मान्य केले. खेळांचे आयोजन हे सरकारी स्वरूपाचे काम आहे, हेही मान्य केले. मात्र स्पर्धांची यादी आयोजन समितीने ठरवलेली नाही, ती बदलण्याचा अधिकार तिला नाही, आणि ज्या संस्थेने ती ठरवली तिच्यावर कॅनडाची सनद चालत नाही, म्हणून फिर्याद फेटाळण्यात आली. नोव्हेंबरमध्ये अपील फेटाळले गेले आणि डिसेंबरमध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. या निकालाला खेळाडूंचा पराभव म्हणण्याची प्रथा आहे आणि निकालपत्राचा शेवट पाहता ती चूक नाही. तरी भेदभाव झाला आहे हे एखाद्या क्रीडासंघटनेच्या ठरावात नव्हे, तर न्यायालयाच्या निकालपत्रात लिहिले गेले, आणि त्यानंतर ‘निकष सर्वांना सारखेच आहेत’ हे उत्तर पूर्वीइतक्या सहजपणे देता येईनासे झाले. दोन जागतिक स्पर्धा झालेल्या असाव्यात, हा निकष महिलांच्या मॅरेथॉनला १९८४ च्या खेळांत घेताना आड आला नव्हता, हा मुद्दाही या काळात वारंवार मांडला गेला.

तिसरा वाद मार्च २०१० मध्ये ओस्लोत झाला. होल्मेनकोलेनची जुनी टेकडी पाडून नवी बांधण्यात आली होती, आणि तिच्यावरील पहिली उडी कोणी घ्यायची यासाठी झालेल्या मतदानात सागेन यांची निवड झाली होती. ३ मार्चला त्यांनी ती घेतलीही. परंतु आदल्या संध्याकाळी एका नामवंत पुरुष खेळाडूने त्याच टेकडीवरून गुपचूप उडी मारून घेतली होती. टेकडीची तपासणी हे कारण पुढे करण्यात आले. तपासणी आवश्यक असते, यात शंका नाही. मात्र चाचणी उडीच्या जागेसाठी सहा वर्षांपूर्वी जिला झगडावे लागले, तिच्याच मानाच्या उडीआधी चाचणीच्या नावाखाली दुसऱ्याला सोडावे, हा योगायोग नॉर्वेत अनेकांना रुचला नाही.

एप्रिल २०११ मध्ये महिलांच्या स्की जंपिंगला २०१४ च्या सोची खेळांत प्रवेश मिळाला, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लिलेहामर येथून विश्वचषक मालिका सुरू झाली. सोचीला जाणाऱ्या नॉर्वेच्या संघात सागेन नव्हत्या. २०१५ मध्ये त्यांनी निवृत्ती घेतली.

पुढच्या पिढीतील मारेन लुंडबी यांनी २०१८ मध्ये प्योंगचांग येथे १०५.५ आणि ११० मीटरच्या उड्यांसह नॉर्वेला या प्रकारातले पहिले ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिले, आणि २०२१ मध्ये ओबर्सडॉर्फ येथे मोठ्या टेकडीवर महिलांची पहिली जागतिक स्पर्धाही जिंकली. विकेरसुंडला महिलांची पहिली अधिकृत फ्लाइंग स्पर्धा मार्च २०२३ मध्ये झाली, सागेन यांच्या चाचणी उडीनंतर एकोणीस वर्षांनी, आणि तीही निवडक पंधरा जणींपुरती. स्लोव्हेनियाच्या विजेतीने २२६ मीटर गाठले. पुढच्या वर्षी त्याच टेकडीवर नॉर्वेच्या खेळाडूने २३०.५ आणि २०२५ मध्ये पुन्हा एका स्लोव्हेनियन खेळाडूने २३६ मीटरचा विक्रम केला.

ऑलिंपिकच्या आंतरराष्ट्रीय समितीने जून २०२२ मध्ये २०२६ च्या खेळांसाठी महिलांच्या नॉर्डिक कंबाइन्डला नकार दिला. देश कमी आणि प्रेक्षक कमी, ही कारणे देण्यात आली. या खेळाच्या दोन भागांपैकी एक क्रॉस कंट्री स्कीइंग आहे आणि दुसरा स्की जंपिंग.